रेसचं गणित : वजन, रेटिंग आणि खिसा

चिंचपोकळीकर

परवा एका साखरपुड्यात भाच्याने विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं रेसला जाता. म्हणजे आकडाच लावता ना, मटक्यासारखा?" भोवती माणसं होती म्हणून दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मटक्यातल्या पत्त्याला कालचा इतिहास नसतो. घोड्याला असतो. मागच्या महिन्यात तो किती अंतर धावला, पाठीवर किती वजन होतं, वळणावर त्याची वाट कुणी अडवली, सगळं लिहिलेलं असतं. ते वाचायला शिकता येतं. आणि शिकल्यावरही पैसे जातात. दोन्ही गोष्टी मी अंगावर घेतल्यात, म्हणून दोन्ही लिहितो.

महालक्ष्मीला पहिल्यांदा गेलो १९७६ साली, अठरा पूर्ण झाल्यावर. वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे. चिंचपोकळीहून चालत निघायचं, सात रस्त्यावरून महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर यायचं, खाली धोबीघाटावर चादरी वाळत घातलेल्या, आणि पूल उतरून पुढे गेलं की कोर्स. आमची जागा सेकंड एन्क्लोजर. दिवसाला चार तिकिटं, पाचवं नाही, हा वडिलांचा नियम. ते टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैजांचे भाव दाखवणाऱ्या, बोर्डाकडे बघायचेच नाहीत. घोडे स्टार्टकडे जाताना रेलिंगला पोट टेकवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मान बघ. लगाम ओढून घेतोय की सैल सोडलाय ते बघ." १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यांचं कोर्सवर जाणं थांबलं ते कायमचं. मी मात्र बँकेत लागलो होतो. मी जात राहिलो.

आता हॅण्डिकॅपचं सांगतो, कारण भाच्याला तेच समजावून द्यायचं राहिलं. डर्बीसारख्या मोठ्या शर्यतीत एका वयाचे घोडे जवळजवळ सारख्याच वजनावर धावतात. पण मोसमातल्या बहुतेक शर्यती हॅण्डिकॅपच्या असतात, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून बरोबरी साधायची. प्रत्येक घोड्याला एक रेटिंग असतं. क्लास फोर म्हणजे २० ते ४६ रेटिंगचे घोडे. एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. म्हणजे ४६ चा घोडा २० वाल्यापेक्षा तेरा किलो जास्त घेऊन धावणार. जॉकी हलका असेल तर खोगिराच्या कप्प्यात शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरं करतात. सगळे घोडे विनिंग पोस्टवर एका ओळीत यावेत, ही वजनं ठरवणाऱ्या हॅण्डिकॅपरची इच्छा. तो कुठे चुकलाय ते हुडकायचं, हे आपलं काम.

ठोकताळा असा की हजार मीटरच्या शर्यतीत एका लेंग्थची, म्हणजे घोड्याच्या एका लांबीएवढ्या अंतराची, किंमत साधारण दीड किलो, आणि दोन हजारांच्या पुढे एक किलोच्याही आत. हे कळलं की मागचे निकाल वेगळेच दिसायला लागतात. दोन लेंग्थने हरलेला घोडा आज तीन किलो कमी घेऊन धावतोय, अंतर तेच, तर कागदावर दोघे बरोबरीत आले. मग बाकीचं बघायचं. सुटायचं गेट आतलं की बाहेरचं, जॉकी शिकाऊ असेल तर वजनाची सवलत किती, पहिल्यांदाच ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) घातलेत का, पावसाळ्यात पुण्याच्या मऊ जमिनीवर पळालेला घोडा इथल्या हिवाळ्यातल्या कडक ट्रॅकवर कसा येईल.

एक घोडा सांगतो, नाव नको. १९९४ चा मोसम. तो क्लास फोर जिंकून थ्रीमध्ये चढला होता आणि तिथे त्याला कुणी विचारत नव्हतं. पाचवा, सातवा, नववा. रेटिंग घसरत घसरत ४५ वर आलं आणि तो परत फोरमध्ये उतरला. पहिल्याच शर्यतीत, १४०० मीटरला, चौथा आला. मी रेलिंगला होतो. शेवटच्या दीडशे मीटरमध्ये बाकीचे सगळे थकत होते आणि हा एकटा पुढे येत होता. पोस्ट ओलांडल्यावरही पन्नास पावलांत तो पहिल्याच्या पुढे गेला होता. वहीत लिहिलं : "१६०० ला बघणे." तीन आठवड्यांनी १६०० ला नाव आलं, अंगावर सगळ्यांत जास्त वजन. वजन बघून लोक बिचकले. पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, अंगावर तकाकी, कान पुढे, मागच्या मांड्यांमध्ये घामाचा फेस नाही. मी दोनशे रुपये विनवर, म्हणजे तो पहिला येईल यावर, लावले, तेव्हाच्या माझ्या हिशेबाने खूप. तीन लेंग्थने आला. टोटवर दहाचे शहाऐंशी मिळाले. त्या संध्याकाळी सात रस्त्यापर्यंत चालत आलो ते आठवतच नाही, पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढचं लिहायला जड जातं. महिन्याभरात तोच घोडा परत वरच्या थ्रीमध्ये धावायला आला. हॅण्डिकॅपरने ती शर्यत पाहिली होतीच की! रेटिंग चढलं होतं, समोर वरचे घोडे होते. मला सगळं दिसत होतं आणि मी ते बाजूला सारलं, कारण मला तो घोडा आवडायला लागला होता. त्या दिवशी दीड हजार गेले. ते भरून काढायला पुढच्या शर्यतीत दोन हजार. मुलीच्या नावाचं रिकरिंग मोडलं, आणि बायकोला ते पाच महिन्यांनी सांगितलं. तिने आवाज चढवला नाही, नुसतं पासबुक पुढे ठेवलं. त्यानंतर मी दोन वर्षं कोर्सवर पाऊल टाकलं नाही.

परत गेलो तेव्हापासून एक लिफाफा आहे. मोसमाच्या सुरुवातीला त्यात रक्कम घालतो, ती संपली की फक्त बघायला जायचं. गेल्या सत्तावीस मोसमांपैकी सहा फायद्याचे, बाकी तोट्याचे. वही समोर ठेवून लिहितोय, अंदाजाने नाही.

इथे कोणी नियमाने जाणारे आहेत का? तुम्ही घोडा कसा वाचता?

नवखा_वरळी

काका, फार छान लिहिलंत. मी मागच्या मोसमात मित्रांबरोबर चारदा गेलो. आम्ही जॅकपॉटच लावतो, कारण थोड्या पैशांत मोठी रक्कम मिळू शकते. मागे चार घोडे लागले आणि पाचवा फोटो फिनिशमध्ये गेला. बोर्डावर नंबर लागेपर्यंत कुणी बोललं नाही. शॉर्ट हेडने, डोक्याएवढ्याही नाही इतक्या अंतराने, गेला. तेव्हापासून वाटतंय की थोडा अभ्यास केला तर जमेल. सुरुवात कुठून करू?

आकडेमोड

नवखा, जॅकपॉटबद्दल आधी. पाच शर्यतींत पाच विजेते. प्रत्येक शर्यतीत दोन घोडे धरलेत तर ३२ जोड्या होतात, तीन धरलेत तर २४३. दहा रुपयांच्या दराने ३२० आणि २,४३० रुपये. जमलेल्या रकमेतून आधी क्लबचा वाटा कापतात, उरलेल्याचे ७० टक्के पाचही लागलेल्यांना आणि ३० टक्के चार लागलेल्यांना. ज्या दिवशी पाचही फेव्हरिट येतात त्या दिवशी लागलेली तिकिटं इतकी असतात की हाती फारसं काही येत नाही. "थोड्या पैशांत मोठी रक्कम" हे फक्त आडवे, म्हणजे कुणी न धरलेले, घोडे आल्यावर खरं, आणि आडवे घोडे आपल्या तिकिटावर नसतात.

चिंचपोकळीकर, तुमची पद्धत मला पटते. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात म्हटलंच आहे की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पण तुमच्या काळचं गणित आज चालत नाही, आणि हे नव्या मुलांनी पेन घेऊन करून बघावं. सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ होता. १०० च्या पैजेमागे १४० खिशातून गेले असं धरा. बरोबरीच्या (एकास एक) भावाचा घोडा लागला तर परत येतात २००. म्हणजे नुसतं वरखाली न होता राहायला तुमचे शंभरातले सत्तर घोडे लागले पाहिजेत! कर नसता तर पन्नास पुरले असते. एकास पाच भाव असेल तर परत ६००, तिथे सहात एक ऐवजी साधारण चारात एकापेक्षा थोडं कमी लागायला हवं.

शिवाय जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के तिथल्या तिथे कापतात, आणि दिवसभरात बाकीच्या शर्यतींत जे गेलं ते पगारातून किंवा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तुम्ही हॅण्डिकॅपरला हरवाल, शेजारच्या पंटरला, पैज लावणाऱ्याला, हरवाल, पण हे ओझं प्रत्येक तिकिटाबरोबर घेऊन पळायचंय.

मी स्वतः तीन मोसम सगळ्या पैजा तक्त्यात भरल्या. माझी निवड बऱ्यापैकी होती. फायदा नव्हता. आता भाव आणि माझा अंदाज यांच्यात खूप मोठी फट दिसली तरच लावतो, मोसमात आठ-दहा वेळा.

पहाटपाळी

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूचा. वडील सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते, आम्ही तबेल्याजवळच राहायचो. मी चौदा ते एकोणीस या वयात पहाटे घोडे फिरवले. जॉकी व्हायचं होतं. पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं आमच्याकडे देवासारखी घेतली जायची, कारण आपल्यातली पोरं वर जाऊ शकतात हे त्यांनी दाखवलं. एकोणिसाव्या वर्षी उंची वाढली, वजन ५८ वर गेलं आणि विषय संपला. भात सोडला, उन्हात स्वेटर घालून पळालो, काही उपयोग झाला नाही.

लोक स्टँडमध्ये ओरडतात, "खेचला, घोडा खेचला!" म्हणजे जॉकीने मुद्दाम मागे ठेवला. गैरप्रकार होतात, शर्यतीवर देखरेख करणारे स्टुअर्ड चौकशा लावतात, जॉकींना शिक्षाही होतात, ते मी नाकारत नाही. पण शंभरातल्या कितीतरी वेळा कारण साधं असतं आणि ते रेसबुकात, घोड्यांची माहिती छापतात त्या पुस्तकात, कधीच छापून येत नाही. घोड्याने आदल्या रात्री चंदी टाकली. वडील सकाळी गव्हाणीत हात घालून बघायचे, ओट्स उरलेत का. उरले असले की चेहरा पडायचा. मग खाली बसून पुढच्या पायाच्या नळीवरून बोटं फिरवायचे, हळू, वरून खाली, दोन्ही पायांना. एका पायाची शीर दुसऱ्यापेक्षा कोमट लागली की पुरे. डोळ्यांना काही दिसत नाही, घोडा लंगडत नाही, पण वडिलांना कळायचं. ते मोठ्या साहेबांना सांगायचे. कधी घोडा काढून घेतला जायचा, कधी तसाच पळायचा.

आणि "तबेल्यातली खबर" म्हणून बाजारात जे फिरतं त्याबद्दल. आम्ही त्या तबेल्यात झोपायचो. आम्हाला एवढंच माहीत असायचं की आमचा घोडा बरा आहे. शेजारच्या तबेल्यातला त्याहून बरा आहे हे आम्हाला कुठून कळणार? प्रत्येक तबेल्याची खबर खरी असते आणि पोस्टवर पहिला एकच येतो. माझ्या काकांनी माझ्याच शब्दावर पैसे घालवले. मी खोटं सांगितलं नव्हतं.

एक विनंती. रेसला जा, पैसे लावा, नका लावू. पण घोडा हरल्यावर सईसला शिव्या देऊ नका. तो पहाटे चारला उठून त्याला खरारा करतो आणि घोडा हरला तरी रात्री त्याचे पाय तोच धुतो.

चिंचपोकळीकर

पहाटपाळी, तुमचं दोनदा वाचलं. नळीवरून बोटं फिरवणं हे आम्हा रेलिंगवाल्यांना कधीच दिसत नाही. आम्ही ज्याला "कागदावर पक्का" म्हणतो तो का पडतो, याची निम्मी उत्तरं त्या गव्हाणीत असतील.

आकडेमोड, सत्तरचा आकडा बघून बसलोच. माझे गेले काही मोसम तोट्याचे का, ते मी वयावर ढकलत होतो. डोळे अधू झाले, निवड चुकतेय असं वाटायचं. आज रात्री वही काढून कर वेगळा करून बघतो.

नवखा, तुम्ही एक मोसम नुसतं लिहा. नोव्हेंबर ते एप्रिल. आपली निवड शर्यतीआधी पेनाने लिहायची, नंतर खोडायची नाही. फक्त क्लास फोर घ्या, त्यातले घोडे पुन्हा पुन्हा भेटतात, ओळख होते. पहिल्या रविवारी जमलं तर पॅडॉकपाशी भेटू.

रानजाई

मी रेसला कधी गेलेली नाही आणि जाणार नाही. तरी लिहिते, कारण वर एका ठिकाणी पासबुकाचा उल्लेख आहे आणि मग पुढे गेलात.

माझे बाबा परळला राहायचे, एका खासगी कंपनीत हिशेबनीस. कोर्सवर फार कमी जायचे. त्यांचा एक बाहेरचा बुकी होता, फोनवर घ्यायचा, उधारीवर. तुमच्या लिफाफ्याला तळ आहे. उधारीला नसतो. शनिवारी गेलं की रविवारी दुप्पट, कारण खिशातून काही गेल्यासारखं वाटतच नाही. आईच्या चार बांगड्या होत्या, मी आठवीत असताना दोन राहिल्या, दहावीत एकही नाही. आई लग्नाकार्यात काचेच्या घालायची आणि म्हणायची, सोन्याने हात काळे पडतात माझे.

बाबा वाईट नव्हते. दारू नाही, हात उगारला नाही कधी. रात्री टेबलावर पुस्तक उघडून बसायचे, पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी लिहीत. मला वाटायचं ऑफिसचं काम घरी आणलंय. मी शेजारी बसून गणितं सोडवायची आणि आम्हा दोघांना आई दूध आणून द्यायची. ते मला खूप छान वाटायचं, हे आज लिहितानाही खरंच आहे.

बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांची दोन रेसबुकं माझ्याकडे आहेत, आईने रद्दीत घालू दिली नाहीत. समासातलं मला काही कळत नाही. चिंचपोकळीकर, तुम्हाला वाचता येईल का? एका घोड्यापुढे असं आहे :

"गे ९ – १४०० – ५९ – वा. अ. – उ. आ. – ४ – १६०० ला धरणे." आणि शेजारी गोलात "सो".

चिंचपोकळीकर

ताई, वाचता येतं. जवळजवळ माझ्याच वहीसारखं आहे.

"गे ९" म्हणजे नववं गेट, बाहेरचं. धावलेलं अंतर १४०० मीटर, पाठीवर ५९ किलो, म्हणजे चांगलंच ओझं. "वा. अ." हे बहुतेक "वाट अडली", वळणावर पुढे जायला जागा मिळाली नसणार. "उ. आ." म्हणजे "उशिरा आला", शेवटी जोर केला. चौथा आला. त्यावरून त्यांनी ठरवलं की याला अंतर कमी पडतंय, १६०० ला लावायचा.

वाचन बरोबर आहे. बाहेरचं गेट, जड वजन, अडलेली वाट, आणि तरी चौथा! मीही हेच लिहिलं असतं. पुढच्या शर्यतीत तो कितवा आला ते दुसऱ्या पुस्तकात सापडेल, घोड्याच्या नावासमोर मागचे निकाल छापलेले असतात.

गोलातलं "सो" मात्र मला लागत नाही. शर्यतीतलं नाही ते. स्टार्ट, सोबत, असं काही धरून बघितलं, बसत नाही.

रानजाई

सो म्हणजे सोमवार. सोमवारी तो माणूस हिशेबाला यायचा.

दुसरं पुस्तक बघितलं. तो घोडा १६०० ला दुसरा आलाय. समोर बाबांनी फक्त एक टिंब दिलंय आणि पुन्हा गोलात सो.

उरलेल्या पानांचे फोटो काढून टाकते. सवडीने सांगा, घाई नाही.

पहाटपाळी

ताई, घोड्याचं नाव आणि साल पण टाका. आमच्या तबेल्यातला असेल तर वडिलांना विचारतो. त्यांना ऐकू कमी येतं आता, पण घोड्यांची नावं सगळी आठवतात.